सात टोचे आणि एक सही

"या घराण्यानं मानवजातीला जे द्यायचं होतं ते देऊन झालेलं आहे," आबा उभे राहून म्हणाले. "यापुढे मानवजातीनं आपलं आपण बघावं."

वाक्य झकास उतरलं होतं. सकाळी दाढी करताना आबांनी ते दोनदा आरशाला ऐकवलं होतं आणि आरशाला पटलं होतं. मग वहिनी हळूच म्हणाली, "आबा, आपल्या बाजूचा आवाज बंदच राहिला होता. आत्यांना काही ऐकू गेलं नसेल. परत एकदा म्हणता का?"

थोर वाक्य आणि शिंक, दोन्ही मागवून परत येत नाहीत. तरी आबांनी प्रयत्न केला. या खेपेला मानवजात आधी आली, घराणं मागे राहिलं, आणि 'बघावं'च्या जागी 'बघू' गेलं. त्यामुळे आबा मानवजातीसाठी आणखी काहीतरी करायला तयार आहेत असा एकूण अर्थ निघाला.

बरणीला टेकवलेल्या फोनच्या पडद्यावर आत्याचा कान दिसत होता. व्हिडिओ कॉल असला तरी आत्या फोन कानालाच लावायची. "चेहऱ्यासमोर धरा" असं सांगून सगळे दमले होते. "ऐकायचं असतं ते मी कानानं ऐकते," असं तिचं म्हणणं. साथ सुरू झाल्यापासून पाच महिन्यांत या घरानं आत्याचा चेहरा पाहिला नव्हता. कान मात्र घरातलाच झाला होता.

"बारक्या, बस आता," कान म्हणाला. "गुडघे धरतील."

मानवजातीचा प्रश्न तसाच ठेवून आबा खाली बसले.

आबांची मुलगी, सिस्टर, हे सगळं बाल्कनीतून बघत होती. दवाखान्यात सिस्टर म्हणून घरातही ती सिस्टरच झाली होती. सख्खा थोरला भाऊसुद्धा तिला सिस्टर म्हणायचा, आणि त्यात काही विनोद आहे असं त्याला गेली वीस वर्षं वाटत आलं होतं. साथीच्या वॉर्डात ड्यूटी लागल्या दिवशी तिनं स्वतःची खाट उचलून बाल्कनीत टाकली. एका बाजूला काच, दुसऱ्या बाजूला पडदा, आणि हॉलकडे उघडणारी एक जाळीची खिडकी. दाराशी एक स्टूल होतं. आई त्यावर ताट ठेवायची, दोनदा टकटक करायची आणि तोफेला बत्ती दिल्यासारखी मागे पळायची.

आज त्या स्टुलावरून उलट्या दिशेनं एक फॉर्म आत गेला होता. आईनं त्यावर इस्त्री फिरवली होती. इस्त्रीनं जंतू मरतात असं तिला कोणीतरी सांगितलं होतं, आणि ती कागदाच्या बाबतीत काही ऐकून घ्यायला तयार नव्हती. त्यामुळे बावीस पानांचा तो फॉर्म कडक परीटघडीचा होऊन टेबलावर पडला होता, आणि सगळं घर त्याच्याभोवती तो फुटेल की काय अशा बेतानं बसलं होतं.

गोष्ट साधी होती. साथीवर नवी लस निघाली होती, आणि ती लागू पडते का हे बघायला आधी माणसं हवी होती. सिस्टरनं नाव दिलं होतं. उद्या सकाळी नऊ वाजता पहिली सुई. पण चाचणीचा एक नियम होता: घरातल्या एका माणसानं 'संपर्काची व्यक्ती' म्हणून सही करायची. रोज संध्याकाळी केंद्रातून फोन येणार, आणि सिस्टरनं उचलला नाही तर त्या व्यक्तीनं उचलायचा. ताप आहे का, दंड सुजलाय का, माणूस नीट बोलतोय का, हे सांगायचं. ती व्यक्ती त्याच घरात झोपणारी हवी. सहीचा फॉर्म आज पाचच्या आत पोचला नाही तर तिची जागा यादीतल्या पुढच्याला जाणार होती.

थोरला वरच्या मजल्यावर राहायचा. "छप्पर तर एकच आहे," असं त्यानं केंद्रात फोन करून सांगून बघितलं, पण केंद्राला छप्पर नको होतं, दार हवं होतं. आई दारातलीच होती. समोरासमोर तिला शेजारच्या घरातली कुजबूजही स्पष्ट ऐकू यायची. फोनवर मात्र ती "हो, हो, बरी आहे" यापलीकडे काहीही बोलत नसे, मग समोरून काहीही विचारलेलं असो. मुलीला एकशे चार ताप असता तरी केंद्राला "हो, हो, बरी आहे" एवढंच कळलं असतं.

म्हणजे उरले आबा. आणि घड्याळात सव्वातीन झाले होते.

"मुळात मला हे सांगा," आबा म्हणाले, "की हिलाच का? दवाखान्यात माणसं नाहीत?"

"दवाखान्यातली माणसंच घेतायत, आबा," जाळीतून सिस्टर म्हणाली. "आम्ही रोज त्या आजारात उभ्या असतो. लस उपयोगी आहे की नाही ते आमच्यावर लवकर कळतं."

"म्हणजे उंदीर सापडत नाहीत म्हणून नर्स!"

"उंदरांवर झालं आधी."

"मग? काय म्हणाले उंदीर?"

"उंदीर ठणठणीत आहेत."

"उंदीर नेहमीच ठणठणीत असतात," आबा म्हणाले. "अडतीस वर्षं लॅबमध्ये काढली मी. आजारी उंदीर कधी बघितला नाही. चौकशीला आलेली माणसंच आजारी असायची."

थोरल्यानं घसा खाकरला. तो विमा विकायचा. त्यामुळे घरातल्या कुठल्याही संकटाबद्दल अधिकारानं बोलायचा परवाना आपल्याकडे आहे असं तो धरून चालायचा. "सिस्टर, मी कागद वाचलेत. गंभीर त्रासाची शक्यता फार कमी, असं लिहिलंय. आमच्या धंद्यात 'शक्यता फार कमी' याचा अर्थ 'कोणाच्या तरी घरी नक्की' असा असतो."

"आमच्या विषयात त्याचा अर्थ 'शक्यता फार कमी' असाच असतो," वहिनी म्हणाली. ती शाळेत गणित शिकवायची.

"तू कोणाच्या बाजूनं आहेस?"

"मी भागाकाराच्या बाजूनं आहे. शिवाय अर्ध्या लोकांना नुसतं मिठाचं पाणी टोचणार. कोणाला काय मिळालं ते टोचणाऱ्यालाही माहीत नसणार, टोचून घेणाऱ्यालाही नाही. म्हणजे छापा-काटा."

आबा ताठ झाले. "मिठाचं पाणी? एवढा खटाटोप करून मिठाचं पाणी? आपल्या घरात मीठ नाही? की पाणी नाही? मी इथं टोचतो तिला! नऊ वाजेपर्यंत थांबायचं कशाला?"

"अहो, पण," आतापर्यंत मटार सोलत बसलेली आई म्हणाली, "दर आठवड्याला डॉक्टर तपासणारेत तिला. मशीनवर घालून, रक्त काढून, सगळं. आत्ता कोण बघतं तिच्याकडे? आत्ता तीच सगळ्या जगाकडे बघते."

आबांनी बायकोकडे असं पाहिलं की जणू सैन्यातली घोडदळाची तुकडी समोरच्या टेकडीवर जाऊन उभी राहिली होती. कालपर्यंत आई त्यांच्या बाजूनं होती. डोळ्याला पदर लावून होती. "तुला हे कोणी सांगितलं?"

"तिनंच. म्हणून तर नाव दिलं म्हणाली. आयती तपासणी होते म्हणून."

"आयती तपासणी?" थोरला म्हणाला. "मला तर म्हणाली, लस बाजारात यायला वर्ष लागेल, यात निम्मा चान्स आत्ताच मिळायचा आहे, म्हणून."

वहिनीनं चष्मा वर सरकवला. "मला म्हणाली की वॉर्डातल्या सगळ्याजणींनी नावं दिली, मी एकटी मागे कशी राहू."

सगळे हळूहळू बरणीकडे वळले.

"मला म्हणाली," कान सावकाश म्हणाला, "की टोचेमास्तरांची नात आहे मी, मला नाही म्हणवत नाही. मी रडले बाई ते ऐकून."

टोचेमास्तर म्हणजे आबांचे आणि आत्याचे वडील. देवीच्या साथीच्या काळात लस टोचत सायकलवरून गावोगाव फिरलेले. या घराण्याचा मानवजातीशी जो काही व्यवहार झाला तो त्यांच्यापासून.

बाल्कनीत सिस्टरला अचानक स्वतःच्या चपलेचा पट्टा नीट करायची निकड वाटली. वॉर्डात तिचा दरारा होता. मोठे डॉक्टरसुद्धा तिच्यासमोर हात धुतल्याचा पुरावा द्यायचे. पण चार माणसांना चार कारणं सांगून झाल्यावर ती चौघं एका खोलीत बसली, तर त्यावर शास्त्रात काही उपाय नाही.

"म्हणजे आम्हाला गंडवलंस," थोरला म्हणाला.

"नाही दादा. चारही खरी आहेत."

"असं कसं? खरं एकच असतं."

"उत्तर एक असतं," वहिनी म्हणाली. "रीती चार असू शकतात. मी मार्क देते पूर्ण."

"तू कशाला मार्क देतेस? परीक्षा माझी आहे!" आबा म्हणाले. मग ते खिडकीकडे वळले, आणि त्यांचा आवाज जरा खाली आला. "आणि मला? मला तर कारण सांगितलंच नाहीस. सगळ्यांना सांगून झाल्यावर फॉर्मच पाठवलास. माझ्या वाटणीचं कुठलं होतं? पाचवं?"

हे मात्र सिस्टरला लागलं, कारण ते बरोबर होतं. सही आबांचीच लागणार हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सोप्या दारांवर टकटक करत करत ती अवघड दार शेवटाला ठेवत आली होती. नवीन नर्सेस अवघड शिरेच्या पेशंटला असंच शेवटी ठेवायच्या, आणि त्यावरून तिनं कितीजणींना झापलं होतं.

ती खुर्ची ओढून जाळीशी आली. मास्क नीट केला.

"आबा, आमच्याकडे एक घड्याळजी होते. सहा नंबरच्या खाटेवर. त्या वेळी वॉर्डात दुसऱ्या एका औषधाची चाचणी चालू होती. तिथंही तसंच, अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना साधी गोळी. डॉक्टर समजावून सांगायचे आणि पेशंटला काही विचारायचं असलं की ते आम्हाला विचारायचे. डॉक्टरला कोण विचारतं? घड्याळजींनी सगळं ऐकून घेतलं, आणि मला म्हणाले, 'सिस्टर, तुम्ही माझ्या जागी असता तर केली असती का सही?'"

"मग?"

"मी 'हो' म्हटलं. पटकन. बोलता बोलता. सलाइन लावत होते, लक्ष निम्मं तिकडंच. आणि त्यांनी माझ्या 'हो'वर सही केली."

मटार सोलायचे थांबले.

"गेले?" थोरल्यानं विचारलं. धंद्याची सवय.

"जातील कशाला? एकोणिसाव्या दिवशी चालत घरी गेले. जाताना वॉर्डातलं बंद पडलेलं घड्याळ चालू करून गेले. औषधानं बरे झाले की आपले आपण, कोणाला माहीत नाही. कोणाला काय दिलं ते लिहिलेली पाकिटं अजून फोडलेली नाहीत. पण दारातून वळून मला म्हणाले, 'सिस्टर, तुमचा नंबर कधी?' चेष्टाच केली त्यांनी. हसले. मीही हसले. पाच महिने झाले, आबा. रोज कोणीतरी विचारतं, 'हे लागू पडतं का?' आणि मी रोज म्हणते, 'बघू.' मला त्या 'बघू'चा कंटाळा आलाय. कोणीतरी जाऊन बघायला नको?"

थोरल्यानं नाक शिंकरलं आणि ते सर्दीमुळे नाही असा ताबडतोब खुलासा केला. त्या दिवसांत असे खुलासे लागत.

मग आबांनी एक विचित्र गोष्ट केली. डाव्या मनगटाचं बटण काढलं.

हे घर आबांना फुल बाह्यांच्या शर्टाबाहेर ओळखत नव्हतं. भर उन्हाळ्यात, लग्नात, आजारपणात, मनगटापर्यंत बटणं लावलेली. लॅबमधली सवय, असं सगळे म्हणायचे. आबांनी बाही दुमडत दुमडत खांद्यापर्यंत नेली आणि दंड टेबलावर फॉर्मशेजारी ठेवला. त्यावर एक मोठा रुपयाएवढा व्रण होता, आणि त्याच्याखाली बारीक, फिकट, ओळीनं सहा.

"मोजा," आबा म्हणाले.

वहिनीनं मोजले. "सात."

"देवीची लस माणसाला एकदा टोचतात. फार तर दोनदा. मला सात वेळा टोचली. का? गावात लोक टोचून घ्यायला तयार नसायचे. मग टोचेमास्तर मला टेबलावर उभं करायचे आणि म्हणायचे, 'हा माझा मुलगा. याला आधी टोचतो. बघा.' दुसऱ्या गावात परत तेच. तिसऱ्या गावात परत. वय वर्षं सहा! पहिला टोचा औषधाचा. बाकीच्या सहांचा माझ्या शरीराला उपयोग शून्य. ते सहा पुराव्याचे." त्यांनी जाळीकडे बघितलं. "मला कोणी विचारलं नव्हतं, सिस्टर. मला टेबलावर ठेवलं होतं, दौतीसारखं. तेव्हाच ठरवलं मी, की या घरातलं दुसरं माणूस कोणाचा पुरावा होणार नाही."

चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या तोंडून हे आलं तेव्हा त्यात आरशासमोरच्या तालमीचं काहीच नव्हतं. आईचा हात त्या दंडाकडे गेला आणि मधेच थांबला. एवढ्या वर्षांच्या संसारात व्रणांची ही मोजणी तिला कोणी सांगितली नव्हती. तिनं ती आपण होऊन केव्हाच केलेली होती, हा भाग निराळा.

"विचारलं होतं," कान म्हणाला.

"काय, आक्का?"

"तुला विचारलं होतं. खरं तर मला विचारलं होतं. पहिलं गाव आपलंच, आणि तिथं माझा नंबर होता. मी नऊ वर्षांची. म्हटलं, मी नाही टोचून घेणार लोकांसमोर, आणि गोठ्यावर जाऊन बसले. शिडी वर ओढून घेतली. बाबा खाली उभे राहिले आणि म्हणाले, 'बरं. नको तर नको.' रागावले नाहीत. आणि तू आलास शर्ट काढत. 'मला टोचा, मला टोचा.' शर्ट डोक्यात अडकला होता तुझा."

आबांचं तोंड उघडं राहिलं. "मी?"

"मग कोण मी? सायकलच्या पुढच्या दांडीवर बसायला मिळायचं ना! घरी राहिलास तर माझ्याबरोबर भांडी घासायला लागायची. सातही वेळा असाच गेलास. आठव्या वेळेला बाबाच नको म्हणाले. म्हणाले, दंडावर जागा उरली नाही. त्यावरून दोन दिवस जेवला नाहीस तू."

थोरल्याचा हसू दाबायचा आवाज हॉलभर ऐकू आला.

"आणि," कान जरा मऊ आवाजात म्हणाला, "तुला टोचलं की मागून रांग लागायची. पहिली मी गोठ्यावरून बघितलीय. चाळीस चाळीस माणसं. त्यात मीपण उतरून शेवटी उभी राहिले. हे तुला सांगितलं नव्हतं कधी. लाज वाटायची."

आबांनी बाही खाली केली. परत वर केली. साठ-सत्तर वर्षं जपलेली तक्रार अशी भर दुपारी कोणी हातातून काढून घेतली, तर माणसानं हात कुठं ठेवायचे?

"सहा वर्षांच्या पोराचं 'हो' म्हणजे 'हो' नव्हे," शेवटी ते म्हणाले.

"नव्हेच," सिस्टर म्हणाली. "आजोबांचं तेवढं चुकलंच. पण मी एक्केचाळीसची आहे, आबा. बावीस पानं वाचलीत, तीनदा. काही झालं तर काय, ते माहीतय. मधूनच सोडायची असेल तर सोडता येते, कारणसुद्धा द्यावं लागत नाही. मला टेबलावर कोणी ठेवत नाहीये. आणि भांडी तर मी तशीही माझी मीच घासते, बाल्कनीत."

आबांनी हात पुढे केला. "चष्मा. आणि लाल पेन्सिल."

आईनं दोन्ही पुढे केलं. दोन्ही तिच्या मटाराच्या परातीशेजारी आधीपासूनच होतं, हे फक्त वहिनीच्या लक्षात आलं.

पुढचा तासभर आबांनी ज्या तन्मयतेनं फॉर्म वाचला, त्या तन्मयतेनं तो लिहिणाऱ्यानंही लिहिला नसेल. मधून मधून ते नाकातून आवाज काढत. पाचव्या पानाला "हं". आठव्याला "बरं". चौदाव्या पानाला मात्र ते उभेच राहिले.

"रक्त कोण काढणार?"

"तिथली माणसं, आबा."

"माणसं म्हणजे कोण? नाव काय? हात कसा आहे? तुझी डावी शीर लपंडाव खेळते. मी दोनदा काढलंय तुझं, दोन्ही वेळा मला घाम फुटला होता. उजवीकडून घ्यायला सांगायचं. आणि हे बघ! नवव्या पानावर म्हणे उपाशीपोटी यावं, आणि चौदाव्या पानावर म्हणे हलका नाश्ता करून यावं. ही दोन पानं एकमेकांशी बोलत नाहीत!" आबांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत न दिसलेला तजेला होता. "अशा लोकांच्या हातात तुला एकटीला सोडायचं? रोज संध्याकाळी फोन करणार ना ते? करू देत. मीच उचलणार. पहिला उचलणार. तूही उचलायचा नाहीस!"

"आबा, चार चाळीस," थोरला म्हणाला. बाजू नेमकी कधी बदलली हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं, पण शेवटचं पान काढून आबांच्या पुढे धरणारा तोच होता. "सही."

आबांनी सही केली. डौलदार, अडतीस वर्षांच्या सरावाची, पानाच्या उजव्या कोपऱ्यात खाली, जिथं त्यांनी हजारो रिपोर्टांवर केली होती. खाली दोन रेघा मारल्या.

वहिनी वाकली. बघितलं. पुन्हा बघितलं.

"आबा," ती म्हणाली, "ही 'सहभागी' लिहिलंय तिथली जागा आहे. संपर्काची डावीकडे होती."

"म्हणजे?"

"म्हणजे उद्या सकाळी नऊ वाजता लस तुम्हाला."

या वेळी थोरल्यानं हसू दाबायचा प्रयत्नही केला नाही. बरणीला टेकवलेला फोन घसरून पडला आणि कान छताकडे बघायला लागला. जाळीपलीकडे सिस्टर मास्कच्या आत इतकी हसली की तिचा चष्मा धुक्यानं भरला.

"आठवी राहिलीच होती तुझी," छताकडे बघत कान म्हणाला.

"वय किती चालतं?" आबांनी विचारलं. चौकशी म्हणून.

"साठपर्यंत," सिस्टर म्हणाली.

"मूर्खपणा आहे," आबा म्हणाले, आणि त्या दोन शब्दांत जी निराशा होती ती लपवायला त्यांनी पेन्सिलीला टोक करायला घेतलं.

सुदैवानं फॉर्मची दुसरी प्रत होती. एक केंद्रासाठी, एक घरी ठेवायला. तिलाही इस्त्री झालेली होती. वहिनीनं बोट ठेवलं, थोरल्यानं कागद धरला, आईनं आबांचं कोपर धरलं, आणि चौघांनी मिळून ती सही योग्य जागी नेली. कागद स्टुलावर गेला, दोनदा टकटक झाली. सिस्टरनं हातमोजे चढवून आपली सही केली, फोटो काढून पाठवला तेव्हा पाचला सात मिनिटं कमी होती. मग ती खुर्चीत बसली. भीती नव्हती असं नाही. पण आतापर्यंत ती भीती तिच्या एकटीची होती. आता ती सहाजणांत वाटली गेली होती, आणि वाट्याला आलेला तुकडा ड्यूटीवर नेता येण्याजोगा होता.

पाच वाजून दहा मिनिटांनी आबांचा फोन वाजला. अनोळखी नंबर. आबांनी हातानं सगळ्यांना गप्प केलं, स्पीकर लावला आणि उभे राहिले.

"नमस्कार, चाचणी केंद्रातून बोलतेय," एक तरुण, दमलेला आवाज आला. मागे दुसरे फोन वाजत होते. "संपर्काची व्यक्ती आपणच ना?"

"मीच," आबा म्हणाले. "ऐका. या घराण्यानं मानवजातीला आजवर पुष्कळ दिलंय. माझ्या वडिलांनी हजारोंना टोचलं. मी स्वतः सात वेळा टोचून घेतलं, स्वखुशीनं. अडतीस वर्षं लॅबमध्ये होतो, तेव्हा मला काही शिकवायच्या भानगडीत पडू नका. आता माझी मुलगी तुमच्याकडे येतेय. ती कोणाच्या दबावाखाली येत नाही, पूर्ण समजून येतेय. उजव्या हाताची शीर घ्या. नववं आणि चौदावं पान एकदा ताडून बघा. आणि मिठाचं पाणी दिलंत तरी आमची हरकत नाही, कारण तोही पुरावाच असतो. काय पाहिजे ते सांगा. हे घर तयार आहे."

वाक्यं एका दमात आली होती. एकही शब्द मागेपुढे झाला नव्हता. आईनं परात बाजूला ठेवली. जाळीपलीकडे सिस्टर उभी राहिली होती.

पलीकडे थोडा वेळ फक्त टाइप केल्याचा आवाज आला.

"काका, सगळं लिहून घेतलं," ती मुलगी म्हणाली. "फक्त एक करा ना. उद्या त्यांना सैल बाहीचं काहीतरी घालून यायला सांगा. आज एकीची बाही वर जाता जाईना, शेवटी कात्रीनं कापावी लागली."